रोजची अल्पाक्षरी कविता : संदिग्धता आणि ध्वनी

पदवीच्या वर्गात काव्यशास्त्र शिकवताना एक प्रश्न दरवर्षी समोर येतो. रोज एक हायकू, चारोळी किंवा तीन ओळींची कविता लिहिणारे विद्यार्थी, आणि काही शिक्षकही, विचारतात : ‘सगळं स्पष्ट सांगितलं तर कवितेत उरतं काय? आणि झाकून ठेवलं तर वाचक म्हणतो, कळलं नाही. मग करायचं काय?’ प्रश्न रास्त आहे. रोज लिहिणाऱ्याला मोबाइलवर वाचक लगेच मिळतो. संपादक मात्र मिळत नाही. ‘वा, छान!’ एवढ्या दादेवरून कविता पोहोचली की नुसती नजरेखालून गेली, हे समजत नाही. तो निवाडा लिहिणाऱ्यालाच करावा लागतो. त्यासाठी आपल्या परंपरेतला एक भेद फार उपयोगी पडतो. तो येथे मांडते.

दोष कोणता, गुण कोणता

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ‘संदिग्ध’ हा दोषांमध्ये गणला आहे. त्याच्या आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटले, आणि मम्मटही ध्वनी मानणाराच आहे. म्हणजे जी परंपरा न सांगितलेल्या अर्थाला सर्वांत वरचे स्थान देते, तीच संदिग्धतेला दोष ठरवते. यात विसंगती नाही. शब्दाचा कोणता अर्थ घ्यायचा हेच ठरत नसेल, तर ती संदिग्धता. तो अर्थ पक्का झाल्यावर त्यातून दुसरा अर्थ उमटत असेल, तर तो ध्वनी.

आनंदवर्धनाने यासाठी दिलेले एक प्रसिद्ध उदाहरण आपल्याच मातीतले आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘गाथासप्तशती’तली ती गाथा. एक स्त्री एका धार्मिक माणसाला सांगते की, तू आता निर्धास्त हिंड; तुला त्रास देणारे ते कुत्रे गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने आज मारले. वरवर ही परवानगी आहे. पण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या वाटेला कशाला जाईल? प्रियकराला भेटण्याची तिची जागा तीच आहे, आणि तिथे कोणी येऊ नये अशी तिची इच्छा आहे. ‘हिंड’ या शब्दातून ‘येऊ नकोस’ हा अर्थ उमटतो. कुत्रे, सिंह, जाळी, नदी यांतला एकही शब्द धूसर नाही. ते धूसर असते, तर निषेध उमटलाच नसता.

मराठीतल्या खाचा

अल्पाक्षरी कवितेत शब्द वाचवायचे म्हणून आपण आधी क्रियापद आणि नाम गाळतो. मराठीत नेमकी तिथेच गफलत होते. ‘परवा’ हा दिवस मागचाही असतो आणि पुढचाही. ‘परवा आला’ की ‘परवा येणार’ हे क्रियापदच ठरवते. ‘ती’ म्हणजे आई, नदी, रात्र, खुर्ची, काहीही. ‘आपण निघालो’ मधला ‘आपण’ वेगळा, ‘आपण बसा’ मधला वेगळा. वर्गात दाखवण्यासाठी मी रचलेल्या या ओळी पाहा :

परवा
अंगणात चप्पल,
ती नाही

दिवस होऊन गेला की यायचा आहे? ‘ती’ कोण? व्याकरणाने सर्वांत जवळचे स्त्रीलिंगी नाम चप्पलच आहे. म्हणजे चप्पल आहे आणि नाहीही! येथे वाचक अर्थाच्या शोधात नसतो, तो वाक्य जुळवत बसतो. आता दुसरे टोक :

आईच्या चपला उंबऱ्याशी
ती गेली,
घर पोरके झाले

आता सगळे कळले, आणि वाचकाला करण्यासारखे काहीच उरले नाही. शेवटची ओळ चित्राकडे बघूच देत नाही. निकाल हातात ठेवते. तिसरा खर्डा :

उंबऱ्याशी
आईच्या चपला
ऊन चढलं तरी तशाच

कोणाच्या चपला, कुठे, कोणत्या वेळी, हे पक्के आहे. आई आजारी आहे, वारली आहे, की आज प्रथमच उशिरापर्यंत निजली आहे, हे मोकळे आहे. शिवाय या तिन्ही शक्यता एकाच काळजीतून निघतात, म्हणून त्या एकमेकींना खोडत नाहीत.

श्लेषालाही हीच कसोटी लावता येते :

निकालानंतर
खुंटीला
सुकलेला हार

‘हार’ पुल्लिंगी तेव्हा फुलांचा आणि स्त्रीलिंगी तेव्हा पराभव. ‘सुकलेला’ या एका विशेषणाने फुलांचा हार निश्चित होतो. ‘निकाल’ शब्दामुळे पराभव मागून ऐकू येतो. व्याकरणाने एक अर्थ धरून ठेवला, म्हणूनच दुसऱ्याला फिरायला जागा मिळाली.

रोज लिहिण्यातला धोका

रोज लिहिताना लिहिणाऱ्याचा आख्खा दिवस कवितेच्या मागे टीपेसारखा उभा असतो. तो स्वतःला दिसतो, म्हणून गाळलेले नाम खटकत नाही. वाचकाकडे मात्र फक्त तीन ओळी पोहोचतात. गोव्यात चवथीच्या दिवसांत ‘माटोळी’ एवढे लिहिले की आमच्यासमोर गणपतीच्या माथ्यावर टांगलेली फळे, कणसे, रानफुले उभी राहतात. इंदूर-बडोद्याच्या वाचकासमोर काही उभे राहत नाही. शब्द बदलायची गरज नाही. सोबत एखादे लोंबते फळ, सुपारीचा एखादा घोस दाखवला की पुरते.

रोजच्या रचनेचा सर्वांत मोठा धडा जात्यावरच्या ओव्यांनी दिला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सुरू केलेल्या संकलनात अशा 1 लाखाहून अधिक ओव्या आहेत. पहाटेच्या दळणात समोर बसलेल्या बाईला ओवी ऐकताक्षणी कळावी लागे; टीप द्यायला सवड नव्हती. म्हणून तिच्यातली वस्तू, नाते, गाव ठळक असते. सासुरवासाचे दुःख कित्येकदा नाव न घेता त्या वस्तूंमधूनच बोलते.

सराव

विद्यार्थ्यांकडून मी चार गोष्टी करून घेते. पहिली, अन्वय : तिन्ही ओळींचे एक साधे वाक्य करा. ते एकाच प्रकारे होत नसेल, तर गाळलेले नाम किंवा क्रियापद परत आणा. दुसरी, चित्र : कविता दुसऱ्याला वाचून दाखवा आणि ‘अर्थ काय?’ असे न विचारता ‘काय दिसलं?’ असे विचारा. दिसलेले सारखे आणि वाटलेले वेगळे असेल, तर कविता उभी आहे. तिसरी, निकालाची ओळ : भावनेचे नाव घेणारा शब्द झाकून वाचा. त्याच्याशिवाय चालत असेल, तर काढा. चौथी, आठ दिवस : रोज लिहा, पण वहीत तारीख घालून ठेवा आणि आठवड्याने वाचा. तोवर दिवसाची टीप पुसट झालेली असते आणि आपणच आपले वाचक होतो.

रोज लिहिण्याने हात वळतो, हे खरे. हात कोणत्या दिशेने वळतो हे मात्र या तपासणीवर ठरते. ती नसेल, तर वर्षाच्या शेवटी काहींच्या वहीत 365 सुविचार जमतात आणि काहींच्या वहीत 365 कोडी. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना शिक्षकांनी ‘कळले नाही’ एवढाच शेरा लिहून थांबू नये. काय कळले नाही, शब्द की भाव, हे सांगावे. शब्द कळला नसेल, तर दुरुस्ती लिहिणाऱ्याने करायची. भाव एका वाचनात हाती लागला नसेल, तर कविता तशीच ठेवून पुन्हा वाचायची.