खरखरीत सालीचे सफरचंद

सफरचंद म्हटले की लालचुटुक, गुळगुळीत फळ डोळ्यांपुढे येते. पण ‘एग्रेमाँट रसेट’ या जातीच्या सफरचंदाची साल चिकूसारखी तपकिरी आणि खरखरीत असते. इंग्लंडमधील या जुन्या जातीची नोंद १८७२ पासून सापडते. फळ कुजलेले मात्र नसते. त्याचा गर घट्ट, किंचित कोरडा आणि चवदार असतो. मग साल अशी का?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या उष्ण हवेत सफरचंद सहसा पिकत नाही. त्याच्या बहुतेक जातींच्या कळ्यांना हिवाळ्यात दीर्घकाळ थंडी लागते. तरी उत्तराचा धागा इथल्या जंगलात सापडतो. ऐनाची साल तुम्ही पाहिली असेल. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. खोड जाड होताना बाहेरचे जुने आवरण ताणून फाटते. आत बुचाच्या पेशींचे नवे थर तयार होऊन खोडाचे रक्षण करतात.

सफरचंदातही असेच घडते. कोवळ्या फळावर मेणचट पदार्थाचा पातळ थर असतो. फळाचा व्यास दुप्पट झाला, की पृष्ठभाग चौपट होतो! थर ताणला जातो आणि त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. चिरांखालच्या पेशी विभागून बुचाच्या पेशी बनवतात. त्यांच्या भित्तींत सुबेरिन हा मेणचट पदार्थ साठतो. जणू फळ स्वतःच ठिगळ लावते. रसेट जातींत हा गुण आनुवंशिक असतो. इतर जातींत फळ कोवळे असताना पाऊस व दव फार झाले, तर असे डाग पडतात.

ठिगळ मूळ कापडाइतके पक्के नसते. त्यातून पाणी अधिक निसटते, म्हणून रसेट सफरचंद साठवणीत लवकर सुरकुतते. ते थंड, दमट जागी ठेवावे लागते.

बुचाचे काम घरीच पाहा. सारख्या वजनाचे दोन बटाटे घ्या. एक मोठ्यांच्या मदतीने सोला, दुसरा तसाच ठेवा. दोन्ही सावलीत ठेवून आठवडाभर रोज त्यांचे वजन नोंदवा आणि आलेख काढा. बटाट्याची सालही बुचाचीच असते, हे ध्यानात ठेवा.

डागाळलेल्या सफरचंदाला बाजारात भाव कमी मिळतो. त्याचा गर मात्र बहुधा उत्तम असतो. डाग रोगाचा की भरलेल्या जखमेचा, हे ओळखता आले, तर चांगले फळ वाया जाणार नाही.