बोटीवरचा रामराम
(इयत्ता ४ थी)

माझे काका मालवाहू बोटीवर खलाशी आहेत. पहिल्या वेळी बोटीवर मराठी बोलणारं कोणीच नव्हतं, फिलिपाईन्सचे लोक पुष्कळ. म्हणून काका त्यांची टागालोग भाषा शिकले. आता मी शिकतो.

सकाळी 'मागांडांग उमागा' म्हणावे. 'कुमुस्ता का?' म्हणजे तू कसा आहेस? उत्तर 'माबूती नामान', बरा आहे. कुमुस्ता मूळचा स्पॅनिश. तिथे १८९८ पर्यंत स्पेनचे राज्य होते. आपल्या कोर्लईत नाही का पोर्तुगीज बोली राहिली, तसंच.

पण मोठ्या माणसाला 'का' म्हणायचं नाही हं! 'कुमुस्ता पो कायो?' विचारावे. कायो म्हणजे तुम्ही. 'पो' मानासाठी. आभार मानताना 'सालामात पो'. काका म्हाताऱ्या आचाऱ्याला तसं म्हणाले, तर त्याने हसून आणखी एक डाव भात वाढला. तेही आपल्यासारखे भातच जेवतात.