दहा वर्षांची वॉरंटी नेमकी कशावर?

प्रश्न : आमचा पहिला मायक्रोवेव्ह सोळा वर्षं चालला. त्यानंतर घेतलेला पाचव्या वर्षीच बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणतो, 'काकू, आता नवाच घ्या.' दुकानात गेलं की जो तो 'मॅग्नेट्रॉनवर दहा वर्षं वॉरंटी' एवढंच ऐकवतो. घरात आम्ही दोघंच. दूध, भात, भाजी गरम करायची आणि अधूनमधून दाणे भाजायचे, इतकाच वापर. पुन्हा पाच वर्षांनी ही वेळ येऊ नये म्हणून कोणता घ्यावा? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : सुरुवात त्या दहा वर्षांपासूनच करू. मॅग्नेट्रॉन म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग. त्याचा जन्म स्वयंपाकघरातला नाही. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी त्याला जे रूप दिलं, ते महायुद्धातल्या रडारसाठी. या लहरींनी अन्न शिजतं हे पुढे अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांनी हेरलं आणि १९४७ मध्ये कंपनीने त्यावर चालणारा पहिला ओव्हन विकायला काढला. तो माणसाच्या उंचीचा आणि सव्वातीनशे किलोंहून जड होता. ओट्यावर मावेल असा घरगुती ओव्हन सर्रास मिळायला १९६७ साल उजाडलं.

थोडक्यात, हा भाग मुळातच काटक आहे. घरगुती मॅग्नेट्रॉनचं आयुष्य साधारण २००० तासांच्या आसपास धरतात. तुमच्याकडे दिवसाला १५ मिनिटं वापर होत असेल तर वर्षाचे झाले ९० तास. म्हणजे वीस वर्षांची निश्चिंती. जो भाग बहुधा टिकणारच आहे, त्याची दहा वर्षांची हमी द्यायला कंपनीचं काय जातं? उरलेल्या यंत्रावर हमी सहसा एकाच वर्षाची असते आणि मायक्रोवेव्ह बहुतेक वेळा आडवा पडतो तो या उरलेल्या, किरकोळ किमतीच्या भागांमुळे. ते कोणते, हे कळलं की खरेदी सोपी होते.

पहिले म्हणजे दाराचे स्विच. दाराच्या आकड्या जिथे अडकतात, त्याच्या आत बोटाच्या पेराएवढे सहसा तीन स्विच बसवलेले असतात. पहिल्या दोघांचं काम एवढंच, की दार पक्कं लागल्याशिवाय वीज पुढे जाऊ द्यायची नाही. तिसरा त्या दोघांवर नजर ठेवतो. आधीचे चिकटून बसले आणि दार उघडलं तरी वीज वाहत राहिली, तर तो मुद्दाम शॉर्ट घडवून फ्यूज उडवतो. लहरी बाहेर येऊ नयेत म्हणून केलेली ही सोय. पण घरातल्यांना दिसतं ते एवढंच, की दिवा लागत नाही, आवाज येत नाही, यंत्र ठार झालं. अशा वेळी बिघडलेला असतो एक स्विच आणि उडालेला असतो एक फ्यूज. 'स्टॉप' न दाबता चालू ओव्हनचं दार खस्सकन उघडायची सवय असेल, तर प्रत्येक वेळी या स्विचच्या आत बारीक ठिणगी पडते आणि ते लवकर झिजतात.

दुसरा अभ्रकाचा पत्रा. ओव्हनच्या आत, बहुधा उजव्या भिंतीवर, पुठ्ठ्यासारखा दिसणारा करडा तुकडा असतो तो हाच. लहरी आत येण्याच्या वाटेवरचं हे झाकण. त्यावर आमटीचे, तेलाचे शिंतोडे उडतात, जळून काळे पडतात आणि त्या काळ्या डागातून ठिणग्या उडू लागतात. ठिणग्या दिसल्या की ओव्हन मोडीत काढणारी घरं कमी नाहीत. पत्रा मात्र थोडक्या पैशांत मिळतो आणि मापाने कापून बसवताही येतो. डाग दिसत असूनही तसाच वापर चालू ठेवला, तर पुढे मॅग्नेट्रॉनलाच झळ पोचते आणि मग चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला अशी गत होते.

तिसरं बटणांचं पॅनेल. स्पर्शाच्या पॅनेलवर सगळ्यांत जास्त बोटं पडतात 'स्टार्ट'वर, तेही ओल्या हाताची. बाकी सगळं ठणठणीत असताना तेवढं एक बटण मरतं आणि पूर्ण पॅनेल बदलावं लागतं. त्यामागच्या उबदार अंधारात झुरळं बिऱ्हाड थाटतात, सर्किट बोर्डवर घाण करतात आणि एके दिवशी बोर्ड शॉर्ट होतो. किड्यांमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

चौथा गंज, तुमच्या रत्नागिरीच्या खाऱ्या हवेचा लाडका. फिरत्या थाळीखाली सांडलेलं दूध, दाराच्या कडेला साचलेली वाफ, तिथून रंगाचे पोपडे सुटतात. वरवरचा गंज वेळीच खरवडून रंगवून घेता येतो. पत्र्याला आरपार भोक पडलं किंवा दाराची चौकट खाल्ली गेली, तर मात्र तो ओव्हन वापरू नये.

मग जुना खरंच गेला आहे का? दुरुस्तीवाल्याने नेमका कोणता भाग गेला ते सांगितलं का, हे आधी विचारा. काहीच लागत नसेल तर स्विच, फ्यूज किंवा उष्णतेने तुटणारा कटआउट. दिवा लागतो, थाळी फिरते, पण तापत नाही, तर डायोड, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर किंवा मॅग्नेट्रॉन. 'पूर्वीसारखा तापत नाही' अशी शंका असेल तर ती घरीच तपासता येते. पातळ प्लास्टिकच्या, मायक्रोवेव्हमध्ये चालणाऱ्या भांड्यात एक लिटर पाणी घ्या, तापमान मोजा, पूर्ण शक्तीवर बरोबर एक मिनिट ठेवा, ढवळून लगेच पुन्हा मोजा. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला ७० ने गुणलं की वॉट मिळतात. १० अंश वाढले तर ७००. खोक्यावर ८०० लिहिलेला ओव्हन या हिशेबात ७०० दाखवत असेल तर काळजी नको. ४०० वर आला असेल तर मॅग्नेट्रॉन थकला म्हणायचा, फक्त घरात व्होल्टेज कमी नव्हतं ना, ते आधी पाहा.

दुरुस्तीचा खर्च नव्या ओव्हनच्या निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्त करा, त्यापुढे नवा घ्या. एक मात्र कधीही करू नका. मागचं झाकण स्वतः उघडू नका. आतला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या वर भारलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो भार काही काळ राहू शकतो. जिवाशी खेळ आहे.

नवा घेताना काय पाहायचं? तुमच्या वापराला २० लिटरच्या आसपासचा सोलो पुरे. ग्रिल आणि कन्व्हेक्शनमध्ये तापणाऱ्या कॉइल आल्या, कन्व्हेक्शनमध्ये आणखी एक पंखा आला, आतली उष्णता वाढली, चिकटलेलं तेल भाजून घट्ट बसू लागलं. जितके भाग जास्त, तितकी दुखणी जास्त. वर्षातून दोनदा केक करायचा असेल तर त्यासाठी छोटा ओटीजी वेगळा ठेवलेला बरा.

पॅनेलऐवजी दोन गोल नॉब असलेला घ्या. त्यावर अर्ध्या मिनिटाची वेळ नीट लावता येत नाही, ही त्याची उणीव. पण नॉबला ओल्या हाताचं काही वाटत नाही आणि बिघडला तरी सहसा एकटा बदलतो. दार उघडायला बटणाऐवजी ओढायची मूठ असेल तर मोडणारी एक स्प्रिंग कमी झाली. दुकानात दार पूर्ण उघडून कोपऱ्याला हलकेच हात टेकवा. ते खाली झुकलं, लावताना वर उचलावं लागलं, तर तो ओव्हन तिथेच सोडा. आतला भाग स्टीलचा किंवा सिरॅमिक मुलाम्याचा असावा. कोकणपट्टीत साधा रंग फार काळ टिकत नाही.

नावावर फार विसंबू नका. जगातले कितीतरी मायक्रोवेव्ह चीनच्या ग्वांगदाँग प्रांतातल्या मिडीआ आणि गॅलान्झ या दोन कंपन्या बनवतात, इतरांच्या नावानेही. त्यामुळे पैसे मोजण्याआधी त्या कंपनीच्या रत्नागिरीतल्या किंवा जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून त्या मॉडेलचा स्विच, अभ्रकाचा पत्रा, काचेची थाळी आणि पॅनेल यांचे दर विचारा. समोरून चटकन दर आले तर हा ओव्हन दहा वर्षांनीही दुरुस्त होईल अशी आशा धरायला हरकत नाही. 'मागवावं लागेल, बघतो' असं उत्तर आलं तर खोक्यावरची दहा वर्षं विसरा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आहे. तिथे कोणकोणत्या कंपन्या सुट्या भागांची आणि सेवेची माहिती देतात, तेही पाहून ठेवा.

आता जुन्या ओव्हनची सोळा वर्षं. पूर्वीचा माल जाड पत्र्याचा होता, हे खरं. आताच्या बऱ्याच स्वस्त ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार असते. पण त्याच काळात घेतलेले आणि तिसऱ्या वर्षी भंगारात गेलेले ओव्हन कुणाच्या आठवणीत नसतात, टिकलेल्याचंच कौतुक होतं. तेव्हा नवा वाईटच निघणार, असं मनात धरू नका.

प्रश्न : इन्व्हर्टर मायक्रोवेव्ह जास्त टिकतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : टिकण्यासाठी म्हणून घेऊ नका, शिजवण्यासाठी घ्या. साध्या ओव्हनला 'अर्धी शक्ती' म्हणून काही देता येत नाही. तो काही सेकंद पूर्ण शक्तीवर चालतो, काही सेकंद थांबतो. इन्व्हर्टर खरोखरच शक्ती कमी करतो, त्यामुळे गोठलेलं अन्न कडेला शिजून मध्ये बर्फ राहणं कमी होतं. वजनाला हलका, ही दुसरी सोय. पण जड ट्रान्सफॉर्मरच्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक बोर्ड येतो. व्होल्टेजचे झटके त्याला सोसत नाहीत आणि गेला की अख्खा बोर्ड बदलावा लागतो, तोही महाग. वीज स्थिर असेल आणि मायक्रोवेव्हमध्ये रोज रांधत असाल तर घ्या. नुसतं गरम करायचं असेल तर साधाच बरा.

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये दाणे भाजल्याने तो खराब होतो असं शेजारणीने सांगितलं. खरं का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : शेजारणीच्या बोलण्यात तथ्य आहे. लहरी शोषतं ते मुख्यतः अन्नातलं पाणी. दाणे, रवा, पापड यांत पाणी नावालाच. शोषणारं कुणी नसलं की बरीचशी शक्ती उलट मॅग्नेट्रॉनकडे परतते आणि तो तापतो. रिकामा ओव्हन चालवू नये, तेही याचसाठी. कुटासाठी वाटीभर दाणे भाजताना एक-एक मिनिटाच्या फेऱ्या करा, मध्ये ढवळा, शेजारी कपभर पाणी ठेवा. सलग पाच मिनिटं लावून निघून जाऊ नका. दाणे आतून करपतात आणि पेटूही शकतात. किलोभर कूट करायचं असेल तर कढई काढा.

वायुवीजनाचंही तेच, हवा कोंडली की ओव्हन तापतो. ओव्हनवर क्रोशाचा रुमाल, त्यावर बिस्किटांचे डबे आणि पाठ भिंतीला टेकलेली, अशी मांडणी घरोघरी दिसते. मॅन्युअलमध्ये दिलेली जागा वर आणि मागे मोकळी सोडा. प्लग सैल बसत असेल तर सॉकेट बदला. कन्व्हेक्शनला १६ अँपिअरचंच सॉकेट लागतं, एक्सटेन्शन बोर्डवर तो चालवू नका.

प्रश्न : जुना ओव्हन भंगारवाल्याला दिला तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : देऊ नये. ट्रान्सफॉर्मरच्या तारेसाठी तो रस्त्यावरच फोडला जातो आणि भारलेला कपॅसिटर फोडणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रात जायला हवा आणि त्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवा घेताना दुकानदाराकडे बदली योजना असेल तर जुना त्यातच द्या. नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून कुठे जमा करायचा ते विचारा. काचेची थाळी आणि तिच्याखालची चाकांची कडी मात्र काढून ठेवा. मापाने जुळत असतील तर नव्यालाही चालतात, आणि थाळी फुटायला वॉरंटी संपण्याची वाट पाहावी लागत नाही.