गच्चीवरून टाइप करणाऱ्यासाठी

डोंबिवली पूर्व,
रविवार

चि. भाचेबुवांस,

तुझा प्रोग्रॅम काल जेवणं आटोपल्यावर चालवून पाहिला. केबलवाल्याच्या सगळ्या स्विचेसची खबर ठेवायची, कुठला पोर्ट पडला ते सांगायचं आणि बसल्या जागेवरून तो बंद-चालू करायचा, एवढं तो चोख करतो. सॉकेटचं काम नीट झालंय, त्यात मी नाक खुपसत नाही. पण माणूस जिथे टाइप करतो ती ओळ तू शेवटच्या दोन दिवसांत उरकलेली दिसते. माझं पत्र तेवढ्यापुरतंच.

तुझा प्रॉम्प्ट म्हणजे नुसती एक > अशी खूण. एका स्विचमध्ये शिरलो, मग दुसऱ्यात, आणि पाच मिनिटांनी आपण कुठे आहोत हे मलाच कळेना. तू तर कल्याणचा. ठाण्याला घाईत, पाटी न बघता गाडी पकडणाऱ्याचं कल्याणपर्यंत काही बिघडत नाही. पुढे शहाड आलं की कसारा, विठ्ठलवाडी आलं की कर्जत, आणि चूक तेव्हा उमगते. सिस्कोच्या यंत्रावर नुसतं बघायला आलेल्याला > दिसतं, अधिकार घेतलेल्याला #, आणि बदल करायला आत शिरलं की यंत्राच्या नावापुढे कंसात 'कॉन्फिग' उमटतं. तेवढी ओळ वाचली की हात आपोआप जपून चालतो. यंत्राचं नाव प्रॉम्प्टमध्ये घाल.

आता खरी भानगड. मी 'पोर्ट ७ बंद' असं टाइप करत होतो. अर्ध्यावर असताना तुझ्या दुसऱ्या थ्रेडने 'पोर्ट १२ पडला' ही बातमी त्याच ओळीत आणून ओतली. माझी अक्षरं कर्नलच्या बफरमध्ये शाबूत होती, पण डोळ्यांसमोर खिचडी. एंटर दाबलं तर काय जाईल याचा नेम नाही, म्हणून मी हात काढून घेतला. एफगेट्सवर बसून राहिलेला प्रोग्रॅम एंटर येईपर्यंत बहिरा असतो, म्हणून तू थ्रेड आणलास हे कळलं. त्यापेक्षा कीबोर्ड आणि सॉकेट दोन्ही एकाच पोलमध्ये लाव, म्हणजे जिथे हालचाल होईल तिथे बघता येईल. कीबोर्डवरचं एकेक अक्षर रीडलाइनच्या कॉलबॅक पद्धतीने घे. बातमी आली की चालू ओळ पूस, बातमी छाप, मग प्रॉम्प्ट आणि माणसाने अर्धवट लिहिलेलं जसंच्या तसं खाली पुन्हा मांड, कर्सरसकट. रीडलाइन जीपीएलखाली येते हे मात्र ध्यानात असू दे. सोर्स न देता प्रोग्रॅम विकायचा विचार असेल तर लिबएडिट किंवा लाइननॉइज घे, ती बीएसडीची आहेत. स्वतःचा लाइन एडिटर लिहायला बसू नकोस. त्या नादात माझा एक गणेशोत्सव गेलाय.

कंट्रोल-सी दाबल्यावर तुझा अख्खा प्रोग्रॅम मरतो. तसं नको. माणसाला हातातली ओळ किंवा चालू असलेलं काम सोडायचं असतं, घर सोडायचं नसतं. बाहेर पडायला कंट्रोल-डी आहे. आणि बंद पडलेल्या स्विचला जोडायला गेलं की लिनक्स आपल्या मर्जीने दोन-दोन मिनिटं वाट बघत बसतो. तेवढा वेळ तुझा पडदा मुका. पाच सेकंदांनी हात टेक आणि तसं सांग.

माझीच एक फजिती सांगतो, तुझ्या आईला माहीत आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या स्विचवर घरून काम करत होतो. ट्रंकवर व्हीलॅन ३० वाढवायचा होता. मी लिहिलं 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०'. त्यात 'ॲड' हा शब्द राहिला. 'ॲड' असेल तर यादीत भर पडते, नसेल तर जुनी यादी जाऊन एकटा ३० उरतो. मी ज्या व्हीलॅनवरून आत आलो होतो तोही त्या यादीतच होता. पडदा गोठला. रात्री अकराला डोंबिवलीहून उलटी लोकल, ठाण्याहून रिक्षा, वॉचमनची मनधरणी, मग ती निळी कन्सोल केबल लावून जुनी यादी पुन्हा टाइप केली. चूक माझी होती, नाकारत नाही. तरीही म्हणतो, ज्या भाषेत घात करणारी आज्ञा सुरक्षित आज्ञेपेक्षा छोटी असते, ती भाषा रचणाऱ्याने रात्रीच्या माणसाचा विचार केला नव्हता. तुझ्याकडे 'यादी' या आज्ञेत नेमकं हेच आहे. नुसत्या 'यादी'ने भर पडू दे. पुसून नवी मांडायची तर 'यादी बदल' असं पूर्ण लिहायला लाव.

जुनिपरवाल्यांनी यावर चांगला तोडगा काढलाय. 'कमिट कन्फर्म्ड' म्हटलं की बदल लागू होतो, पण १० मिनिटांत पुन्हा 'कमिट' केलं नाही तर यंत्र आपणहून जुन्या जागी परततं. तुम्ही बाहेर फेकले गेलात तर तुम्हाला काहीच टाइप करता येत नाही, आणि तेच तुमचं उत्तर धरलं जातं. तुझ्या प्रोग्रॅममध्ये हे आधी बसव. 'खात्री आहे का?' हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. बोट सवयीने होय दाबतं.

व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर काही महिन्यांनी मी ठाण्याला मावशीकडे मोडेम घेऊन जायचो. तिचा फोन ०२२ चा, आपला ०२५१ चा, म्हणून मुंबईला जोडायला तिथून स्वस्त पडायचं. शेल अकाउंट, सगळा कारभार अक्षरांचा, चित्र औषधालाही नाही. मेलसाठी पाइन. मला ते कुणी शिकवलं नाही. पडद्याच्या तळाशी कायम दोन ओळी असत, आत्ता कुठली कळ दाबली की काय होईल ते सांगणाऱ्या. त्या दोन ओळींवर मी पाइन शिकलो. तुझी हेल्प मात्र एका दमात साठ आज्ञा ओकते. कुठेही ? दाबलं तर तिथे पुढे काय चालेल तेवढंच दाखव.

हे वापरणार कोण? केबलवाल्याचा पोरगा, पावसात आयरे रोडच्या कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर, एका हातात फोन. फोनच्या साध्या कीबोर्डवर टॅब नसतो, बाणही नसतात. तुझी अर्धी हुशारी टॅबवर उभी आहे. ओळी चाळीस अक्षरांत बसव. फक्त लाल-हिरव्या रंगावर विसंबू नकोस, 'पडला' असा शब्द लिही. आउटपुट फाइलमध्ये वळवलं असेल तर रंग आणि प्रॉम्प्ट दोन्ही गाळ. हिस्टरीच्या फाइलीत पासवर्ड साठतोय, तो आजच काढ.

पुढच्या रविवारी घरी ये. माझा जुना स्विच टेबलावर मांडून ठेवतो, बदल त्यावर करून बघू. निळी केबल दिवाळीपासून तुझ्याकडेच आहे, ती घेऊन ये.

तुझा,
मामा