खारदुंग ला : उताराची सायकलसफर

लेहहून खारदुंग ला खिंडीपर्यंत वाहनाने जाऊन तेथून सायकलीवर खाली उतरणे, हा अनेक पर्यटक कुटुंबांचा आवडता उपक्रम आहे. खिंडीवरील फलकाने प्रसिद्ध केलेली उंची ५,६०२ मीटर. प्रत्यक्ष मोजणीत ती सुमारे ५,३५९ मीटर भरते. तरीही तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो. म्हणून विमानाने लेहला पोहोचल्यावर किमान दोन दिवस विश्रांती अनिवार्य मानावी. मुलाला डोकेदुखी वा मळमळ जाणवत असल्यास बेत सरळ रद्द करावा, भरलेले भाडे बुडाले तरी बेहत्तर!

सुमारे ४० किलोमीटरच्या या उतारावर पायांना श्रम थोडेच. भार पडतो तो ब्रेक धरणाऱ्या बोटांवर. मोठ्यांच्या मापाचा ब्रेकचा दांडा लहान बोटांच्या पकडीत नीट येत नाही. तो हँडलजवळ आणणारा बारीकसा स्क्रू बहुतेक दांड्यांना असतो. निघण्यापूर्वीच तो फिरवून घ्यावा. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. सैल खडीवर पुढचे चाक अडले की सायकल घसरते. वितळलेल्या बर्फाचे पाणी रस्त्यावर आले असेल, तेथे उतरून चालणेच इष्ट. पालकांपैकी एकाने पुढे, दुसऱ्याने मागे राहावे आणि गती सर्वांत लहान स्वाराची असावी. काही वळणांनंतर थांबल्यास बोटांना विसावा मिळतो आणि सिंधूच्या खोऱ्यापलीकडील स्टोक पर्वतरांगही निवांत पाहता येते.