टोकाच्या शेतापर्यंत

बारामती,
२ मे

चि. ताईस,


काल तुझ्या आईचा फोन आला. दहा दिवसांच्या निवासी नेतृत्व शिबिरासाठी शाळेतून तुझं नाव गेलं आणि निवडही झाली, हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता. पण पुढच्याच वाक्याला म्हणाली, "दादा, ती जायला नको म्हणते." तिथे बारामतीची, पुण्याची, इंग्रजी शाळांतली मुलं येणार, त्यांच्यापुढे आपण काय बोलणार, ही तुझी धास्ती. फोनवर तू "हो मामा, हो मामा" करून मोकळी झाली असतीस, म्हणून लिहायला बसलो.

तू जा. तुझ्यासारख्या मुलीने तर जायलाच हवं.

आपल्या बारामती-इंदापूर दोन्ही तालुक्यांत नेता म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं, ते मला माहीत आहे. पांढरी गाडी, चौकातला फ्लेक्स, कारखान्याच्या निवडणुकीतली पॅनलं. त्या चित्रात पंधरा वर्षांची मुलगी कुठेच बसत नाही, म्हणून तुला ते आपलं काम वाटत नाही. ते चित्र जरा बाजूला ठेव आणि आपल्या पाटाकडे बघ.

नीरा डावा कालवा १८८५च्या सुमाराचा. पुरंदर, बारामती करत तो इंदापूर तालुक्यात येतो, आणि तुमची चारी पार शेवटाला. आवर्तन सुटलं की दाजी बॅटरी घेऊन रात्री-अपरात्री दारं धरायला जातात, हे तू लहानपणापासून बघतेस. या कालव्यांवर पाणी वाटायची जुनी रीत आहे, शेजपाळी. ज्यांनी पाणीअर्ज भरला त्यांना पाळीने पाणी द्यायचं, आणि सुरुवात करायची ती चारीच्या शेवटच्या शेतापासून. तिथून एकेक रान भिजवत मुखाकडे यायचं. ज्यांनी ही रीत बसवली त्यांना माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक असणार. मुखाजवळच्याला पाणी मिळतंच, त्याच्यासाठी कुणी नियम करावा लागत नाही. आणि वर कुणी रातोरात दार उचललं की टोकाच्या उसाचं काय होतं, हे मी तुला सांगायला नको. नेता कोण, असं मला विचारशील तर मी म्हणेन, पाणी टोकाला पोचलं का हे स्वतः चालत जाऊन बघणारा माणूस. तू टोकाच्या गावची आहेस. हे बघायची सवय तुला घरातूनच आहे.

आता शिबिरात हे कसं दिसेल ते सांगतो. मी शिक्षक असताना अशा शिबिरांना मुलं घेऊन जात असे. एकदा गटचर्चेला विषय होता पाणीटंचाई. आठ-दहा मुलांचा गोल. चार मुलं तयारीची होती, त्यांनी ठिबक, शेततळं, पाणी अडवा-पाणी जिरवा सगळं धडाधड सांगितलं. एक धनगराचा पोरगा गुडघ्याला मिठी मारून गप्प बसला होता. वेळ संपत आली तेव्हा गटातल्या एका मुलीने त्याच्याकडे वळून विचारलं, "तुमची मेंढरं उन्हाळ्यात पाणी कुठं पितात रे?" त्यावर तो जो बोलायला लागला! दिवाळीनंतर मेंढरं घेऊन वाडा कोकणात उतरतो, कुठल्या वाटेने जातो, परत येताना कुठला ओढा कुठल्या महिन्यात आटलेला असतो, पूर्वी कुठे पाणी असायचं आणि आता कुठे नसतं. बोटाने जमिनीवर रेघा ओढून त्याने सगळा मुलूख मांडला. तयारीची मुलं आपल्या वह्या मिटून ऐकत राहिली. त्या शिबिरात उत्तम वक्त्याचं बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. माझ्या लेखी त्या गोलातली पुढारी ती प्रश्न विचारणारी मुलगी होती.

तेव्हा तुला एकच काम सांगतो. गोलात बसलीस की कोण अजून बोललेलं नाही ते बघ, आणि त्याला सोपा, खरा प्रश्न विचार. नुसतं "तूही बोल ना" म्हटलं तर तो आणखी आक्रसतो. त्याच्या ओळखीचं काहीतरी विचार.

तुकोबांच्या पालखीचा रस्ता तुमच्याकडूनच जातो. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, पुढे बेलवाडीला घोड्यांचं, हे तू दर वर्षी बघतेस. माउलींच्या पालखीत मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरती होते, तिथली एक रीत मात्र तू पाहिलेली नसशील. चोपदार दंड उंचावतात आणि एवढा मोठा समाज गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग तिची तक्रार विचारली जाते, आणि त्यानंतरच पुढचं. हजारो माणसं चालवायची तर ज्याचा टाळ थांबत नाही त्याच्याकडे आधी जावं लागतं. तुमच्या गटातही कुणीतरी कुरकुरत राहील. त्याला गप्प करायची घाई करू नकोस.

निवासी शिबिरच का, घरी राहून रोज जाऊन-येऊन का नको, असं दाजींनी विचारल्याचं कळलं. त्यांना सांग की महाराष्ट्रात माणसं घडली ती बरीचशी एकत्र राहण्यातून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग काढलं, तेव्हा वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसली आणि कामंही सगळ्यांनी मिळून केली. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. साने गुरुजी अमळनेरला छात्रालय सांभाळत तेव्हा मुलांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे, कुणाला न सांगता. पुढे १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभं राहिलं, त्याच्या शिबिरांतून शिकलेले कितीतरी जण आयुष्यभर गावोगाव काम करत राहिले. भाषण दिवसा जमतं गं. रात्री पाणी संपलेलं असताना पिंप भरायला कोण उठतं, शेजारची मुलगी घराच्या आठवणीने रडते तेव्हा कोण जवळ जातं, हे एका छपराखाली राहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दोन रात्री तूही रडशील कदाचित. त्यात कमीपणा नाही.

बोलीची लाज धरू नकोस. तुझ्या तोंडी "आलती, गेलती" येईल, येऊ दे. कुणी हसलं तर त्याला अर्थ कळला की नाही एवढंच विचार. इंग्रजी शब्द अडला तर "याचा अर्थ काय" असं सरळ हात वर करून विचार. तुझ्यासारख्याच आणखी पाच जणी गप्प बसलेल्या असतील, त्यांचंही काम होईल.

मुलगी म्हणून एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्या राज्यात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांना मिळाल्या त्या २०११ पासून. तरीही किती गावांत सरपंचबाई सही करतात आणि बैठकीला मालक बसतात, हे तू बघतेसच. मला याचा मनापासून राग येतो. त्या बायका हुशार नाहीत असं नाही. चार माणसांत आपलं म्हणणं मांडायची सवय त्यांना वेळेवर कुणी लावली नाही. तुला ती संधी पंधराव्या वर्षी चालून आली आहे. गटप्रमुख निवडताना "मुलांपैकी कुणीतरी हो" असं म्हणून मागे सरकू नकोस. निवडून आलीस तर हुकूम सोडू नकोस, झाडू आधी तू हातात घे. नाही आलीस तर जो आला त्याला मनापासून साथ दे.

आणि कुणीही, मग तो कितीही मोठा असो, तुला अवघडल्यासारखं वाटेल असं वागला तर तिथल्या ताईंना ताबडतोब सांग. तिथे कुणी ऐकलं नाही तर मला सांग. मोबाइल जमा करून घेतील, पण कार्यालयातला फोन मागायचा तुला हक्क आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांकही पाठ असू दे. मी बारामतीतच आहे, अर्ध्या तासात येईन.

बरोबर चादर, ताट-वाटी-पेला, टोपी आणि एक जाड वही घे. वहीत व्याख्यानं उतरवत बसू नकोस, ती विसरलीस तरी चालेल. रोज रात्री एका माणसाविषयी लिही: आज कुणी काय केलं आणि त्यामुळे काय हललं.

प्रमाणपत्र मिळेल, फोटो निघेल, आई तो कपाटावर लावेल. लावू दे, तिला हौस आहे. पण शिबिराचा खरा उपयोग जूनमध्ये. मागे तू म्हणाली होतीस की शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येत नाही आणि त्या दिवसांत मुली शाळाच बुडवतात. शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात वर्गातल्या सगळ्या मुलींना एकत्र बसव. सगळ्यात लांबून, वस्तीवरून चालत येणाऱ्या मुलींना आधी बोलू दे. मग मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा, तारीख घाला, सह्या घ्या, पोच घ्या, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन विचारा. अर्जाची एक प्रत मला पाठव.

आईला आजच "जाते" म्हणून सांग.

तुझा,
मामा