दहावीची उजळणी आणि घरातला सिकलसेल



परीक्षा जवळ आली की वस्तीतल्या विहारात संध्याकाळची अभ्यासिका भरते. गणित आणि इंग्रजी शिकवायला कॉलेजची मुले येतात. विज्ञान भाग दोन आमच्या वाट्याला येतो, कारण नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही बरीच वर्षे वॉर्डात काढली आहेत. यंदा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा घेतला, तेव्हा मुलांच्या मागे भिंतीला टेकून चार-पाच आयाही बसल्या होत्या. मुलांना मार्क हवे होते. आया का बसल्या, ते तास संपताना कळले.

पुस्तकात मेंडेलचा वाटाणा आहे. उंच झाड, बुटके झाड, गोल दाणा, सुरकुतलेला दाणा. मुले ते पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. आपल्या विदर्भात वाटाण्यापेक्षा जवळचे उदाहरण घरात आहे, ते म्हणजे सिकलसेल. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिले. म्हणजे ही गोष्ट माहीत होऊन साठ वर्षे उलटली. तरी आजही कितीतरी घरांत 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' यांतला फरक सांगता येत नाही. म्हणून आम्ही सगळी उजळणी याच एका आजारावर घेतली.

पेशी

रक्ताच्या एका थेंबात कोट्यवधी तांबड्या पेशी असतात. त्या हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते. हा प्रश्न परीक्षेत येतो, लक्षात ठेवा. तिच्या आत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन ठासून भरलेले असते. फुप्फुसात ऑक्सिजन घ्यायचा आणि अंगभर पोचवायचा, एवढेच तिचे काम. पेशी मधून दबलेली, मऊ आणि लवचिक असते, म्हणून केसापेक्षा बारीक नळीतूनही ती अंग मुडपून निघून जाते. साधारण १२० दिवस जगते आणि मग प्लीहेत, यकृतात तिची विल्हेवाट लागते.

सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी ऑक्सिजन देऊन मोकळी झाली की कडक होते आणि विळ्यासारखी वाकते. यातून दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे ती लवकर मरते. १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवस. मज्जा कितीही राबली तरी भरपाई होत नाही, म्हणून रक्त कमी राहते. मेलेल्या पेशींतला पिवळा रंग डोळ्यांत उतरतो. आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की कावीळ समजून झाडपाल्याचे औषध द्यायला किंवा कावीळ उतरवायला नेतात. त्यात दिवस जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे विळ्यासारख्या पेशी बारीक नळीत अडकतात. पुढचे रक्त थांबते आणि हाडांत, सांध्यांत, पोटात, छातीत भयंकर दुखते. हे दुखणे बाहेरून दिसत नाही. ना जखम, ना सूज. आमच्या नोकरीच्या सुरुवातीला रात्रपाळीत एक शाळकरी मुलगा महिन्यात तिसऱ्यांदा भरती झाला होता. 'हा नाटक करतो, शाळा चुकवतो' असे वॉर्डात कोणी तरी म्हणाले. आम्हीही ते खरे मानले आणि त्याच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांना उठवायला उशीर केला. डिप्लोमात हा आजार एका परिच्छेदात शिकवला होता. त्या परिच्छेदाचा अर्थ आम्हाला त्या पोराच्या आईने पहाटे सांगितला. ती तासभर त्याचे पाय धरून बसली होती.

एका अक्षराची चूक

आता केंद्रकात जाऊ. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. गुणसूत्र म्हणजे गुंडाळलेला डीएनएचा धागा आणि त्या धाग्यावरचा एक-एक तुकडा म्हणजे जनुक. जनुकात प्रथिन कसे बांधायचे ते लिहिलेले असते. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. या साखळीत १४६ अमिनो आम्ले मण्यांसारखी ओवलेली असतात. सिकलसेलमध्ये फक्त सहावा मणी बदलतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. डीएनएत पाहिले तर जीएजीचे जीटीजी झालेले असते, म्हणजे एकच अक्षर. 'चिमूटभर मीठ'चे 'चिमूटभर पीठ' व्हावे तसे. याला उत्परिवर्तन म्हणतात.

एका मण्याने एवढे काय होते, असे एका मुलाने विचारले. व्हॅलीन पाण्यापासून दूर पळते. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की हा मणी शेजारच्या रेणूला जाऊन चिकटतो, तो पुढच्याला, आणि पेशीच्या आत लांब काड्या तयार होतात. त्या काड्याच पेशीला आतून ताणून विळ्याचा आकार देतात. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडीत कुडकुडू नये, दम लागेपर्यंत राबू नये असे आम्ही सांगतो, त्यामागचे कारण हेच. शरीर कोरडे पडले किंवा ऑक्सिजन कमी पडला की काड्या जास्त बनतात.

फळ्यावरचा चौकोन

सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि जायलाच हवा होता.

चांगल्या जनुकाला 'ए' म्हणू, बदललेल्याला 'एस'. प्रत्येकाकडे दोन जनुके असतात, म्हणून जोड्या तीनच. एए म्हणजे निरोगी. एसएस म्हणजे रुग्ण. एएस म्हणजे वाहक. वाहकाचे निम्मे काम 'ए' सांभाळते, म्हणून तो सामान्य माणसासारखा जगतो. त्याला औषध लागत नाही. एएस ही आजाराची पहिली पायरी नाही. एएसचा एसएस कधीच होत नाही, पन्नास वर्षांनीही नाही.

आई-वडील दोघेही एएस असतील तर? एका मुलीने फळ्यावर चौकोन काढला. वर आईचे ए आणि एस, बाजूला वडिलांचे ए आणि एस. घरे भरली तेव्हा एक एए, दोन एएस, एक एसएस असे निघाले. म्हणजे रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक.

इथेच मोठी चूक होते. पुष्कळ घरांत समजतात की एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली. तसे नाही. प्रत्येक गरोदरपणात शक्यता नव्याने चारात एक असते. मुलांना पटावे म्हणून रुपयाच्या नाण्यांवर चिकटपट्टी लावली, एका बाजूला ए, दुसऱ्या बाजूला एस, आणि जोडीजोडीने उडवायला सांगितली. एका जोडीला लागोपाठ दोनदा एसएस पडले, दुसरीला सहा वेळा उडवूनही पडले नाही. नाण्याला मागचे काही आठवत नसते.

तेव्हा मागून एक ताई म्हणाल्या, "सिस्टर, म्हणजे एक एस पोराच्या बापाकडून आला?" आम्ही हो म्हणालो. एसएस व्हायला दोघांकडून एक-एक यावाच लागतो, एकटी आई देऊच शकत नाही. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली, सासू म्हणते तुझ्या माहेरचं रक्त खराब." त्यांची मुलगी पहिल्या रांगेत वही घेऊन बसली होती. पुस्तकातला चार घरांचा हा चौकोन त्या ताईंनी वहीच्या पानावर उतरवून घरी नेला.

पत्रिका नको, कागद हवा

लग्न ठरवताना आपण पत्रिका पाहणे सोडले, हे उत्तमच केले. रक्ताचा कागद मात्र पाहिला पाहिजे, आणि तो हॉल बुक झाल्यावर नाही. अठराव्या-विसाव्या वर्षी, सोयरिकीची बोलणी सुरू होण्याच्या आधी, मुलगा आणि मुलगी दोघांनाही आपला पॅटर्न माहीत असावा. आमचा अनुभव असा की मुलीचा कागद मागतात आणि मुलाचा विचारत नाहीत. एएस आहे एवढ्यावरून मुलीची सोयरीक मोडल्याचेही आम्ही पाहिले आहे, आणि मुलगा तर एए होता! एएस आणि एए यांच्या पोटी एसएस मूल होत नाही. ते लग्न मोडायला विज्ञानात काहीच आधार नव्हता.

दोघेही एएस असून लग्न झाले असेल तर घाबरून घर मोडू नका. दिवस राहिल्याबरोबर सांगा. दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी मोठ्या शहरांतल्या काही केंद्रांत होते. पुढचा निर्णय त्या बाईचा आणि तिच्या नवऱ्याचा.

तपासणी दोन टप्प्यांत असते. आधी सोल्युबिलिटी: बोटातून थेंबभर रक्त, द्रावण गढूळ झाले की 'एस' आहे. पण ही तपासणी एएस की एसएस ते सांगत नाही. त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. नुसत्या पहिल्या तपासणीवर कोणी 'रुग्ण' म्हणाले तर मानू नका. एचपीएलसीत थॅलेसेमियाचा वाहकही बहुधा कळतो, आणि सिकलसेलच्या वाहकाने थॅलेसेमियाच्या वाहकाशी लग्न केले तरी आजारी मूल होऊ शकते. सरकारी दवाखान्यात या तपासण्यांना पैसे पडत नाहीत. १ जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्यात शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले होते. आशाताईंना विचारा.

मग हा 'एस' टिकला कसा?

धड्याचा उरलेला अर्धा भाग उत्क्रांतीचा. घातक जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकावे कसे? उत्तर मलेरियात आहे. वाहकाला मलेरिया झाला तरी तो जीवघेणा होण्याची शक्यता बरीच कमी असते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडले. जंगल, पाणी आणि डास असलेल्या मुलखात एएस माणसे जास्त जगली, त्यांची लेकरे वाढली, आणि 'एस' टिकला. नैसर्गिक निवड ती हीच. तेव्हा 'एस' म्हणजे खराब रक्त नव्हे. आपल्या पूर्वजांना तापातून वाचवणारी ती एक देणगी होती, फक्त तिची किंमत एसएस लेकरांनी मोजली.

आणि तो आपल्या समाजात, आदिवासींत, काही ओबीसी जातींत जास्त का? जात जनुकात नसते. पण पिढ्यान्‌पिढ्या आतल्या आत लग्ने लावली की एक एस दुसऱ्या एसला भेटण्याची शक्यता वाढते. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म आतल्या आत लग्न करण्यात आहे असे दाखवले. ते समाजशास्त्र होते. विळ्याच्या आकाराची पेशी त्याचाच जीवशास्त्रातला हिशेब दाखवते. बौद्ध होऊनही पोटजात पाहून सोयरीक करणारी घरे आपल्यात आहेत, हे लपवून काय उपयोग.

ज्यांच्या घरी एसएस मूल आहे

ताप १०१च्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र काढू नका. प्लीहा निकामी झाल्याने या मुलांत जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. म्हणून लसी एकही चुकवू नका. लहान मुलाच्या डाव्या बरगडीखाली हात लावून पाहायची सवय ठेवा. अचानक गाठ मोठी लागली, मूल पांढरे पडले तर लगेच निघा. छातीत दुखून दम लागला, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळे पडले तरी तसेच. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने देऊ नका, आधी लोह खरेच कमी आहे का ते डॉक्टरांना तपासू द्या. फॉलिक ॲसिड मात्र डॉक्टरांनी सांगितले तसे रोज.

हायड्रॉक्सियुरिया या गोळीची भीती पुष्कळांना वाटते. बाळ पोटात असताना त्याचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते, त्यात 'एस' नसतो. म्हणून एसएस बाळाला पहिले सहा महिने सहसा त्रास होत नाही. ही गोळी तेच बाळपणीचे हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे दुखण्याचे झटके कमी होतात. ती नियमित घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते. मूल हवे असेल तेव्हा नवरा-बायको दोघांनीही आधी डॉक्टरांना विचारावे. आणखी एक: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल हा आजार आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो.

आता उजळणीचे दोन प्रश्न. वडील एसएस आणि आई एए, तर मुले कोणत्या पॅटर्नची? आई एएस आणि वडील एसएस, तर रुग्ण मूल होण्याची शक्यता किती? चौकोन काढा, घरे भरा, आणि घरात दहावीचे लेकरू असेल तर त्याच्याकडून तपासून घ्या.